कोडिंग न शिकलेल्या माणसाने मॅक्रो कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मशीद बंदरला एका वितरकाच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. शिक्षण बी.कॉम., वय ३४, कोडिंग कधी केलेलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला १८ शाखांच्या फायली येतात. त्या एका शीटमध्ये चिकटवायच्या, मग शाखेप्रमाणे वेगळ्या काढून प्रत्येकीचं स्टेटमेंट पीडीएफ करायचं आणि ई-मेलने पाठवायचं. यात तीन-चार दिवस जातात आणि रोज उशीर होतो. मॅक्रोने हे होतं असं ऐकलं. क्लास लावू का? की आता एआय सगळं लिहून देतो, तर शिकायची गरजच नाही?”

मॅक्रो म्हणजे एक्सेलला कामाच्या पायऱ्या एकदा लिहून द्यायच्या, मग तो त्या हव्या तेव्हा आपोआप करतो. शिका, नक्की शिका. क्लास लगेच लावू नका. एआयची मदत घ्या, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ तुम्हाला वाचता येईपर्यंत ती खऱ्या फायलींवर चालवू नका.

वयाची आणि कोडिंगची काळजी आधी बाजूला ठेवू. फोर्ट, अंधेरी, लोअर परळच्या ऑफिसांमधल्या अकाउंट्स, स्टोअर्स, डिस्पॅचच्या लोकांना मी बरीच वर्षं मॅक्रो शिकवते आहे. त्यात सगळ्यात पुढे जातात ती बेरीज जुळल्याशिवाय जागेवरून न उठणारी माणसं. कॉम्प्युटर सायन्सची पदवी असलेला मुलगा कोड भराभर लिहितो, पण मालाच्या परतीची क्रेडिट नोट उणे चिन्हाने येते की वेगळ्या रकान्यात येते, हे त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. मॅक्रोमध्ये अवघड भाग तोच असतो. भाषा त्या मानाने लहान आहे. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ साली एक्सेल ५ बरोबर आली. तेव्हाचे मूळ शब्द आजही तेच आहेत, आणि रोजच्या कामाला त्यातले तीसेक शब्द पुरतात.

आता तुमच्या कामाचे दोन भाग वेगळे करा, कारण मॅक्रो त्यातल्या एकालाच लागतो. १८ फायली एका शीटमध्ये आणणं हे काम पॉवर क्वेरीला, म्हणजे बाहेरच्या फायलींमधला डेटा आणून जोडणाऱ्या एक्सेलच्याच साधनाला द्या. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे: ‘डेटा’ टॅबवर ‘गेट डेटा’, त्यात ‘फ्रॉम फाइल’, मग ‘फ्रॉम फोल्डर’. सगळ्या शाखांचे रकाने एकसारखे असतील तर एकदा बसवा आणि पुढच्या महिन्यात नव्या फायली त्याच फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश’ दाबा. यासाठी मॅक्रो लिहीत बसणं म्हणजे उगाच वाढवलेलं काम, असं माझं स्पष्ट मत आहे. पण शाखेनुसार वेगळं करणं, पीडीएफ काढणं, ई-मेल तयार करणं यात एक्सेलला काहीतरी करायला सांगायचं आहे. ते पॉवर क्वेरीचं काम नाही. तिथे मॅक्रो हवा, आणि तुमचं शिक्षणही तिथूनच सुरू करा.

सुरुवात कागदावर करा. एका शाखेचं स्टेटमेंट हाताने करताना तुम्ही जे जे करता ते सगळं लिहून काढा. फिल्टर लावतो, शाखा निवडतो, कॉपी करतो, नव्या फायलीत चिकटवतो, रकान्यांची रुंदी ठीक करतो, खाली बेरीज घालतो, पीडीएफ करतो. मग प्रत्येक पायरीपुढे लिहा की दर महिन्याला यात काय बदलतं. शाखेचं नाव बदलतं, ओळींची संख्या बदलते, महिना बदलतो, बाकी सगळं तसंच राहतं. या बदलणाऱ्या गोष्टी म्हणजेच पुढे तुमचे व्हेरिएबल. हा कागद नीट झाला तर अर्धा मॅक्रो झाला.

मग रेकॉर्डर, म्हणजे तुम्ही हाताने केलेल्या पायऱ्यांचा कोड आपोआप लिहून ठेवणारी एक्सेलची सोय. एक्सेलमध्ये ‘डेव्हलपर’ टॅब सहसा दिसत नाही. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइज रिबन’ इथे जाऊन त्यावर टिक करा. खऱ्या फायलीची कॉपी उघडा आणि हे कॉपीचं पथ्य कायम पाळा. मॅक्रो चालल्यानंतर कंट्रोल-झेड दाबून त्याने केलेलं परत फिरवता येत नाही. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की त्याआधीची अनडूची यादीही पुसली जाते. फाइल साठवताना प्रकार एक्सएलएसएम निवडा. साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही.

‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबा, कागदावरच्या पायऱ्या एका शाखेसाठी हाताने करा, रेकॉर्डिंग थांबवा आणि ऑल्ट-एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा. कोड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा असतो, इथे मी तो देवनागरीत उतरवते आहे. फिल्टरच्या पायरीची ओळ साधारण अशी दिसेल:

ॲक्टिव्हशीट.रेंज("$ए$१:$एच$३४७").ऑटोफिल्टर फील्ड:=३, क्रायटेरिया१:="????"

या एका ओळीत शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून इथे थांबू.

आधी ३४७ बघा. रेकॉर्डिंगच्या दिवशी तुमचा डेटा ३४७व्या ओळीला संपत होता, म्हणून रेकॉर्डरने तो आकडा तसाच लिहून ठेवला. पुढच्या महिन्यात डेटा ४१२व्या ओळीपर्यंत आला तर शेवटच्या ६५ ओळी फिल्टरच्या बाहेर राहतील. मॅक्रो कुठेही अडणार नाही, लाल अक्षरं दिसणार नाहीत, पीडीएफ छान निघेल आणि त्यात ६५ व्यवहारांचा हिशेबच चुकेल. म्हणून शेवटची ओळ मॅक्रोलाच शोधायला लावायची. त्याची ठरलेली रीत अशी:

शेवट = सेल्स(रोज.काउंट, "ए").एंड(एक्सएलअप).रो

म्हणजे ए रकान्याच्या अगदी तळाला, १०,४८,५७६व्या ओळीवर जा, तिथून कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यासारखं वर या आणि जी पहिली भरलेली ओळ भेटेल तिचा क्रमांक सांगा. यात दोन खबरदाऱ्या आहेत. रकाना असा निवडा जो प्रत्येक ओळीत भरलेला असतोच. बिल नंबर चालेल, शेरा चालणार नाही. आणि आधीचा फिल्टर लागलेला असेल तर तो काढून मगच ही ओळ चालवा, कारण फिल्टरने लपवलेल्या ओळी या शोधात धरल्या जात नाहीत.

‘शेवट’ हा व्हेरिएबल कोणत्या प्रकारचा, हेही सांगावं लागतं. जुन्या उदाहरणांमध्ये ‘इंटिजर’ लिहिलेलं दिसेल. ते घेऊ नका, ‘लाँग’ लिहा. इंटिजरमध्ये ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. वर्षभराचा डेटा एकत्र केलात की ३२,७६८व्या ओळीला मॅक्रो ‘ओव्हरफ्लो’ म्हणून थांबेल. आणि प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे कोड लिहायच्या पानाच्या, अगदी वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ हवंच. कोडच्या खिडकीतल्या ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’वर टिक केलीत की पुढच्या प्रत्येक नव्या मॉड्यूलमध्ये ते आपोआप येतं. ते नसेल तर नावातलं एक अक्षर चुकलं तरी व्हीबीए नवा रिकामा व्हेरिएबल करून पुढे जाते आणि तुम्ही तासभर शोधत बसता.

आता ती चार प्रश्नचिन्हं. मराठीत काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते आणि इंग्रजी व्हिडिओंमध्ये तिचा उल्लेखही नसतो. व्हीबीएची लिहिण्याची खिडकी युनिकोड नाही, म्हणजे तिला देवनागरी अक्षरं ठेवता येत नाहीत. शाखेचं नाव शीटमध्ये ‘दादर’ असं देवनागरीत असेल, तर कोडमध्ये त्या जागी प्रत्येक खुणेसाठी एक प्रश्नचिन्ह पडतं. द, काना, द, र, म्हणून चार. एवढ्यावर थांबलं असतं तर निदान शाखा सापडली नसती आणि आपल्याला कळलं असतं. पण फिल्टरमध्ये प्रश्नचिन्हाला अर्थ आहे: ‘इथे कुठलंही एक अक्षर चालेल’. त्यामुळे "????" हा निकष दादरला लागू होतो, तसाच ठाणे, पुणे, वाशी यांनाही लागू होतो, कारण तीही चार खुणांचीच नावं आहेत. कुर्ला मात्र सहा खुणांचं, ते बाहेर. म्हणजे दादरच्या स्टेटमेंटमध्ये चार शाखांचा माल एकत्र येईल आणि वरकरणी सगळं ठीकठाक दिसेल.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो केलात की मॅक्रो एका शाखेऐवजी सगळ्या शाखांसाठी चालायला लागतो. ‘शाखा’ नावाची एक शीट करा, पण टॅबला नाव इंग्रजी अक्षरांत द्या, कारण ते कोडमध्ये लिहावं लागणार. पहिल्या रकान्यात अठरा नावं, दुसऱ्यात ई-मेल पत्ते. कोडमध्ये नाव लिहायचंच नाही, ते सेलमधून उचलायचं. फॉर-नेक्स्टचा, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा, फेरा २ पासून १९ पर्यंत फिरवा आणि प्रत्येक फेरीत त्या ओळीतलं नाव व्हेरिएबलमध्ये घ्या. व्हेरिएबलच्या आत मराठी नाव शाबूत राहतं. कोडच्या खाली उत्तरं दाखवणाऱ्या ‘इमिजिएट’ खिडकीत किंवा मेसेज बॉक्समध्ये प्रश्नचिन्हं दिसली तरी घाबरू नका, ती फक्त दाखवण्यातली मर्यादा आहे. फायलींची नावं मराठीत असतील तर फाइल शोधणारं ‘डिर’ आणि फाइल पुसणारं ‘किल’ ही जुनी साधनं अडखळतात. तिथे ‘फाइलसिस्टमऑब्जेक्ट’ वापरा. उद्या एकोणिसावी शाखा निघाली तर शीटमध्ये एक ओळ वाढवायची, म्हणून १९ हा आकडाही शेवटची ओळ शोधूनच घ्या.

मराठी नावांबद्दल आणखी एक. डोळ्यांना एकच दिसणारं नाव आत दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, ‘ॲ’ही दोन प्रकारे. एका शाखेने एक कीबोर्ड वापरला आणि दुसरीने दुसरा, तर व्ही-लुकअपही चुकेल आणि मॅक्रोही. आणि एखाद्या शाखेची फाइल जुन्या कृती देव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर तिथे मुळात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांना मराठी रूप दिलेलं असतं. म्हणून ग्राहकांची जुळवणी कधीही नावावरून करू नका, त्यांना दिलेल्या ग्राहक-क्रमांकावरून करा. जीएसटी क्रमांक असेल तर उत्तमच: १५ खुणांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, पुढचे दहा पॅनचे.

रेकॉर्डरच्या कोडमध्ये ‘सिलेक्ट’ आणि ‘सिलेक्शन’ पदोपदी दिसेल. माणूस आधी सेल निवडतो आणि मग काहीतरी करतो, त्याची ती नोंद आहे. मॅक्रोला निवडायची गरज नसते. ‘रेंज सिलेक्ट करा, मग सिलेक्शन कॉपी करा’ या दोन ओळींची एक ओळ करा आणि तिच्यापुढे वर्कबुकचं व शीटचं नाव लावा. ‘ॲक्टिव्हशीट’वर विसंबलात तर मॅक्रो चालू असताना तुम्ही सहज दुसऱ्या फायलीवर क्लिक केलंत तरी तो तिथे जाऊन काम करेल. रेकॉर्डरने दिलेल्या पन्नास ओळींच्या बारा-पंधरा ओळी करणं, हाच पहिल्या महिन्याचा अभ्यास समजा. एफ८ दाबत एकेक ओळ पुढे न्या आणि बाजूला शीट उघडी ठेवून प्रत्येक ओळीने काय बदललं ते बघा. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

तारखांचा प्रश्न आपल्याकडे फार त्रास देतो. एखादी शाखा सीएसव्ही फाइल पाठवते, त्यात तारीख ०५/०४/२०२४ अशी, म्हणजे ५ एप्रिल. तुम्ही ती डबल-क्लिक करून उघडलीत तर विंडोजच्या भारतीय सेटिंगप्रमाणे बरोबर ५ एप्रिलच येते. तीच फाइल मॅक्रोतून ‘वर्कबुक्स.ओपन’ने उघडली की व्हीबीए अमेरिकी पद्धत धरते, महिना आधी. ५ एप्रिलचा ४ मे होतो. १ एप्रिलचा ४ जानेवारी, २ एप्रिलचा ४ फेब्रुवारी, असं करत १२ एप्रिलचा ४ डिसेंबर. फक्त ४ एप्रिल बरोबर राहते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा तारखाच राहत नाहीत, तेरावा महिना नसल्यामुळे त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. रकमेची बेरीज मात्र पैशापर्यंत जुळते, कारण रकमांना धक्काच लागलेला नाही. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख समोर असताना एप्रिलची बिलं बारा महिन्यांत विखुरलेली सापडणं काय असतं, हे त्यातून गेलेल्याला विचारा. उपाय: उघडताना ‘लोकल:=ट्रू’ लिहा. आणि मजकुरातून तारीख बनवायची असेल तेव्हा ‘सीडेट’वर न सोडता दिवस, महिना, वर्ष वेगळे काढून ‘डेटसिरियल’ला द्या.

अकाउंट्ससाठी एक सूक्ष्म गोष्ट इथेच सांगते. व्हीबीएचं ‘राउंड’ आणि शीटमधलं ‘राउंड’ एकसारखं नाही. शीटमध्ये १२.५ चे १३ होतात, व्हीबीएमध्ये १२. व्हीबीए बरोबर मध्ये आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून १३.५ चे दोन्हीकडे १४ होतात. कर काढताना हा फरक रुपया-दोन रुपयांनी जुळवणी बिघडवतो. कोडमध्ये ‘वर्कशीटफंक्शन.राउंड’ लिहा, म्हणजे शीटशी जुळेल. आणि रकमांसाठी ‘करन्सी’ हा प्रकार वापरा. ‘डबल’मध्ये शेकडो रकमांची बेरीज केली की टिंबानंतर फार पुढे कुठेतरी बारीकसा फरक उरतो आणि ‘फरक शून्य आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं.

हा शून्याचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक लोक मॅक्रोकडे वेग म्हणून बघतात. तीन दिवसांचं काम तीन मिनिटांत होतं हे खरंच आहे. पण हाताने काम करताना तुमचे डोळे प्रत्येक ओळीवरून जात होते, काही विचित्र दिसलं तर तुम्ही थांबत होता. मॅक्रो चालवलात की ती नजर निघून जाते. तिच्या जागी तुम्ही जुळवणी लिहून ठेवली नाहीत तर चूकही तीन मिनिटांत अठरा शाखांना पोचेल. म्हणून मी शिकवते तेव्हा जुळवणीचा भाग आधी लिहायला लावते आणि स्टेटमेंटचा नंतर.

तुमच्या कामात जुळवणी अशी असेल. मॅक्रो सुरू होताच मूळ शीटमधल्या ओळी मोजा आणि रकमेची बेरीज घ्या. प्रत्येक शाखेचं स्टेटमेंट झालं की एका वेगळ्या नोंदीच्या शीटवर शाखा, ओळी, रक्कम, वेळ लिहा. अठराही झाल्या की नोंदीतल्या ओळींची आणि रकमांची बेरीज मूळ बेरजेशी ताडून बघा. दोन्ही फरक शून्य नसतील तर मॅक्रोने तिथेच थांबायचं, ई-मेलच्या पायरीकडे जायचंच नाही. मघाचा चार प्रश्नचिन्हांचा घोटाळा इथे लगेच पकडला जाईल, कारण दादर, ठाणे, पुणे, वाशी चारही ठिकाणी तेच व्यवहार मोजले जातील आणि बेरीज फुगेल. ३४७ ओळींचा घोटाळाही पकडला जाईल. तारखांचा मात्र नाही. त्यासाठी महिन्याबाहेरच्या तारखा किती आणि तारीख नसलेल्या ओळी किती, हे दोन आकडे वेगळे मोजावे लागतात. प्रत्येक कामाची जुळवणी अशी त्या कामातूनच येते आणि ती तुम्हालाच सुचू शकते.

जुळवणीचा मोठा शत्रू म्हणजे ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ. तिचा अर्थ, चूक झाली तर गप्प बसून पुढच्या ओळीवर जा. अनेक तयार कोडमध्ये ती सगळ्यात वर टाकलेली असते, म्हणून मॅक्रो ‘कधी अडत नाही’. एखाद्या शाखेची फाइल उघडलीच नाही तरी शेवटी ‘काम पूर्ण’ असा संदेश येतो. शिकण्याच्या काळात ती ओळ दिसली की काढा. मॅक्रो अडू दे, पिवळ्या पट्टीत अडलेली ओळ दिसू दे. ‘एरर ९’ म्हणजे त्या नावाची शीट किंवा फाइल सापडली नाही, ‘१३’ म्हणजे आकड्याच्या जागी मजकूर आला, ‘९१’ म्हणजे ‘सेट’ लिहायचं राहिलं किंवा शोधलेलं सापडलं नाही. या तिघांशी ओळख झाली की भीती बरीच जाते.

ई-मेलसाठी मॅक्रो आउटलुक उघडू शकतो. सुरुवातीचे काही महिने ‘सेंड’ न लिहिता ‘डिस्प्ले’ लिहा. अठरा ई-मेल तयार होऊन समोर उभे राहतील, पत्ता आणि जोडलेली पीडीएफ बघून तुम्ही स्वतः पाठवा. एक तपासून घ्या: विंडोजवरचं ‘नवीन आउटलुक’ व्हीबीएला दाद देत नाही, जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक लागतं.

एआयबद्दल. ही साधनं मॅक्रो चांगला लिहितात, यात शंका नाही, आणि न कळलेली ओळ समजावून घ्यायला तर फारच उपयोगी आहेत. पण तुम्ही दाखवल्याशिवाय त्यांना तुमची फाइल दिसत नाही. ‘दादर शाखा वेगळी काढ’ म्हटलंत तर ते कोडमध्ये सरळ ‘दादर’ लिहून देतील, तुम्ही तो चिकटवाल आणि पुन्हा चार प्रश्नचिन्हं. म्हणून मागताना तुमचा कागद द्या: रकाने कोणते, काय बदलतं, नावं सेलमधून घ्यायची, जुळवणी काय हवी. आलेला कोड आधी खोट्या दहा ओळींच्या फायलीवर एफ८ने चालवा. ग्राहकांची नावं, रकमा, जीएसटी क्रमांक त्यात चिकटवू नका. तो डेटा मालकाचा आहे.

सुरक्षेचा भाग टाळू नका. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच ई-मेलने जगभर पसरला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे तुम्ही सहकाऱ्याला मॅक्रोची फाइल ई-मेलने पाठवलीत तर त्याच्याकडे लाल पट्टी येईल. फाइल खात्रीची असेल तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा. ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ हे सेटिंग मात्र कोणीही सांगितलं तरी करू नका. आणि शिकायला बसण्याआधी ऑफिसच्या आयटीला विचारा. काही कंपन्यांमध्ये मॅक्रो पूर्ण बंद असतात, तिथे गुपचूप वाट काढणं नोकरीवर बेतू शकतं.

क्लासचं म्हणाल तर दादर-ठाण्याला भरपूर आहेत, वाईट नाहीत. पण तिथे शिकवणाऱ्याच्या फायलींवर सराव होतो. स्वतःच्या एका कामाचा मॅक्रो अडखळत का होईना पूर्ण करा आणि मग जा. तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतील आणि फी वसूल होईल. तोवर रोजचा अर्धा तास पुरतो. फोनवरच्या एक्सेलमध्ये किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, त्यामुळे लोकलमध्ये सराव होणार नाही. पण कालचा कोड छापून गाडीत वाचता येतो, आणि वाचताना जितक्या चुका दिसतात तितक्या स्क्रीनवर दिसत नाहीत.

ऑफिसात लिबरऑफिस असेल तर तिथेही बेसिक भाषा आहे, वाक्यरचना ओळखीची वाटेल, पण शीट-सेलपर्यंत पोचायचे शब्द वेगळे. तिथला रेकॉर्डर आधी ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन चालू करावा लागतो. गुगल शीट्समध्ये ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्ट. दोन्ही चांगली आहेत, पण पहिल्या सहा महिन्यांत एकच धरा.

हे स्टेटमेंटचं काम जमलं की दुसरा सराव म्हणून मराठीत ‘अक्षरी रुपये’ लिहिणारं फंक्शन करा. इंग्रजीत ९९ पर्यंत मोजायला २७ शब्द पुरतात, बाकीचे जोडून होतात. मराठीत एकोणपन्नास, त्रेसष्ट, सत्त्याऐंशी, प्रत्येकाचा शब्द वेगळा, म्हणून ९९ शब्दांचा तक्ता एका शीटवर ठेवावा लागतो. कोडमध्ये तो लिहिता येणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. मग रक्कम कोटी, लाख, हजार, शंभर यांनी क्रमाने भागत जायची. पैसे आधी वेगळे काढा, कारण भागाकाराची बाकी देणारं ‘मॉड’ हे चिन्ह दशांश संख्येला आधी पूर्णांक करून घेतं. त्यातून २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वरची रक्कम दिलीत तर ते ओव्हरफ्लो होतं, मशीद बंदरच्या ऑफिसला तेवढी मर्यादा चालावी. शंभरचं जरा बघा: १०० म्हणजे ‘शंभर’, पण १०१ म्हणजे ‘एकशे एक’. झालं की १००, १०१, १,०००, १,००,०००, १०,००,००१ आणि १,००,००,००० हे सहा आकडे घालून तपासा. त्यात बरोबर आलं की ०.५० घालून बघा.